रबराखालचा लाल ठिपका

आमचं गाव हेच, दिघी. मी कुटनं बाहेरनं आलेली न्हाई, हितंच जल्मले, हितंच लगीन झालं, आन् तुमी आत्ता ज्या स्टुलावर बसलाय ना ताई, तिथं आमच्या आजोबाचा गोठा व्हता. एका अंगाला मिलिटरीची तारेची हद्द, दुसऱ्या अंगाला आमची ज्वारी, आन् मधी भावकीची घरं, एवढंच गाव. मंग भोसरीला कंपन्या वाढल्या, मोशीपतुर आल्या, चाकणचं तर इचारूच नका, आन् बाहेरगावची माणसं खोली हाय का, खोली हाय का म्हणत दारात यायला लागली. आमच्या वडलांनी गोठा मोडला आन् पत्र्याच्या खोल्यांची लाईन बांधली. म्हशी गेल्या आन् भाडेकरू आले. आई म्हणायची, म्हशी बऱ्या व्हत्या, निदान पाण्याच्या नळावर भांडत तरी न्हवत्या.

आता तुमी इचारलं की मोबाईलच्या रिपेअरिंगमधी बाईमाणूस कसं आलं, तर त्याचं खरं कारण सांगते, मी जळकी हाय. लिहा तुमी, मला काय त्याची लाज न्हाई. ल्हानपनापासून हाय. आमच्या आईनं आमच्या दोघी बहिणींच्या लग्नासाठी भांडी जमवली व्हती, आन् भांड्यावर नाव घालून देणारा दारावर यायचा, टकटक टकटक करून नाव कोरायचा, त्यानं माझ्या पातेल्यावर सुमन घातलं आन् धाकटीच्या पातेल्यावर रेखा घातलं, आन् रेखाचं अक्षर जरा मोठं आलं. म्हंजी उगं जरासं. तर मी त्या दिवशी जेवले न्हाई. आई म्हणली अगं नाव ल्हान असलं म्हणून काय आमटी कमी मावणार हाय का पातेल्यात. मावत असंल न्हाईतर नसंल, तिचं मोठं दिसत व्हतं आन् मला ते बघवत न्हवतं.

तसंच ह्या दुकानाचं. दुकान माझ्या भावाचं, संतोषचं. त्यानं मोबाईलचा कोर्स केला आन् रस्त्याकडंच्या खोलीत गाळा काढला. मी नुसती डबा द्यायला यायची. आन् त्याच्या म्होरं माणसं अशी हात जोडून उभी असायची, भाऊ एवढा चालू करून द्या, भाऊ ह्यात पोराचे फोटो हायत, आन् हा आपला भिंग लावून चिमट्यानं काय तरी उचलतोय जणू डॉक्टर. मला वाटायचं, ह्याला जमतंय आन् मला न्हाई, असं कसं. मंग मी डबा घेऊन लवकर यायला लागले, उशिरा जायला लागले, त्याच्या खांद्यावरनं बघत ऱ्हायले, आन् शिकले. मला जे काय येतं ना ताई, ते समदं जळूनच आलंय. फुडं संतोष जमिनीच्या व्यवहारात गेला, पांढरी गाडी घेतली, आन् दुकान माझ्याकडं राह्यलं. त्या गाडीचं बी मला वाईट वाटतं, पण ते जाऊ द्या.

आता ह्यांचं सांगते. आमचे हे परभणीकडचे. नाव मी घेत न्हाई, पण तुमाला लिहायला लागंल, तर दत्ता लिहा, समदे दत्ताभाऊच म्हणतात. हे आमच्याच खोल्यांच्या लाईनीत शेवटच्या खोलीत राह्यचे, त्यांच्या गावाकडच्या पोरांबरोबर. संध्याकाळी शिफ्ट सुटली की त्या शेवटच्या खोलीतनं हसू यायचं. काय हसायची ती पोरं, पत्रा हालायचा. आन् एकच आवाज बोलत असायचा, बाकीचे नुसते हसायचे. मी आमच्या मोरीत भांडी घासत असायची, मधी नुसती पत्र्याची भिंत, मला निम्मं कळायचं, निम्मं न्हाई, त्यांची बोली येगळी, करायलाव, जायलाव, येऊलाव असली. पण त्या आवाजाला असा काय ताल व्हता की मी घासलेलं पातेलं परत घासत बसायची. माझं त्या आवाजावर मन बसलं. तोंड नंतर पाह्यलं. आन् पह्यल्यांदा जी जळले ती त्या पोरांवर, की हे समदं ह्यांना रोज फुकट ऐकायला मिळतंय.

घरात लई दंगा झाला. भाडेकरूला पोरगी द्यायची का, बाहेरगावचा, ना घर ना दार. पण मी हटून बसले आन् झालं लगीन. हे आमच्याच हितं राह्यले, आतल्या खोलीत. आता सासरवाडीत राहणाऱ्या माणसाची काय गत असती ते तुमाला सांगायला नको. जेवणावळीत आमच्या आत्यानं इचारलं, जावईबापू काय करताय, तर हे म्हणले, जेवायलाव की. तर अख्खी पंगत हसली. संतोष तर कितीतरी दिवस ह्यांना बघितलं की म्हणायचा, काय दाजी, जेवायलाव का. गंमत म्हणून म्हणायचा, त्याच्या मनात काय न्हवतं. पण ह्यांनी ती बोली हळूहळू पेटीत ठेवल्यासारखी ठेवून दिली. आमच्यासारखंच व्हय म्हणायला लागले, न्हाई म्हणायला लागले. आन् व्हय आन् न्हाई, एवढंच म्हणायला लागले.

तसं वाईट काय न्हाई बरं का. माणूस देवमाणूस. पगार हातात आणून देतो, पोरीच्या कालेजच्या फीला कवा मागं सरला न्हाई, दारूचं नाव न्हाई. पण ज्या आवाजासाठी मी घरच्यांशी भांडले तो आवाजच घरात आला न्हाई. आमटी चांगली झालीय का, व्हय. कंपनीत काय झालं, काय न्हाई. मला वाटायचं वयानं झालं आसंल, शिफ्टनं दमत आसतील, माणूस थकतो. मी स्वतःची समजूत घातली व्हती, की ते हसू आता कुटंच न्हाई, कुणालाच मिळत न्हाई. कुणालाच मिळत न्हाई म्हणल्यावर मला चालत व्हतं.

तर मागल्या दिवाळीला ह्यांच्या कंपनीनं समद्या कामगारांना ते कानातले बड्स दिले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, काळी गुळगुळीत डबी, आत पांढरे बड्स. आता चाकणला हे नेहमीचंच हाय, एका वर्षी समद्यांना कुकर, एका वर्षी समद्यांना बॅगा, आन् मंग चौकात बसची वाट बघणारी समदी माणसं एकाच बॅगेची. तर त्या वर्षी बड्स. आन् दिवाळी झाली की माझ्या दुकानात तीच काळी डबी घेऊन रांग, कुणाचा वाजत न्हाई, कुणाचा चार्ज होत न्हाई. समदे दिसायला सारखे, मी कुणाचा कुणाला दिला तर बोंबाबोंब. म्हणून म्या काय युक्ती केली, कानात घालतो ना आपण ते रबर, ते काढायचं आन् खाली नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ह्याचा हिरवा, त्याचा गुलाबी. रबर परत बसवलं की कुणाला दिसत न्हाई. आन् ह्यांचे बड्स घरात व्हतेच, त्याच रात्री म्या दोन्हीला लाल ठिपका दिला. हे बघत बी न्हवते. आईनं पातेल्यावर नाव घातलं तसंच हे, आपलं ते आपलं म्हणून कळलं पायजे.

मंग एक दिवस हे कामावरनं आले आन् डबी माझ्याम्होरं ठेवून म्हणले, हे एकमेकाशी जुळत न्हाईत गं. बघितलं तर खरंच. डावा वाजतो तवा उजवा गप, उजवा लावला की डावा गप, आन् मोबाईलमधी दोघं येगळे येगळे दिसतात, जशी एका घरातली दोन रेशनकार्डं. आता हे लई येळा होतं. घाम जातो, कानातला मळ बसतो, चार्जिंगच्या पिना काळ्या पडतात, एक भरतो आन् एक रिकामा राहतो, मंग त्यांची एकमेकांची वळख मोडते. म्या स्पिरिट लावून पिना पुसल्या. मोबाईलमधनं दोन्हीचं नाव पुसलं. डबीत घातले, झाकण लावलं, उघडलं, न्हाईच. मंग म्हणलं जाळी साफ करू म्हणून रबर काढलं. डाव्याच्या खाली लाल ठिपका. उजव्याचं काढलं, तर कायच न्हाई.

परत बघितलं. भिंगाखाली धरून बघितलं. नेलपॉलिश निघालं तरी डाग राहतो थोडा. डाग बी न्हाई. तो बड ह्यांचा न्हवताच.

ताई, आता तुमी म्हणाल एवढ्याशा प्लॅस्टिकसाठी काय. पण इचार करा, कानातनं काढून दुसऱ्याच्या कानात जावी अशी वस्तू न्हाई ती. माणूस चप्पल बदलून आला तर देवळात बदलली म्हणता येतं. कान कुटं बदलतो? कुणाच्या तरी शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसल्याशिवाय होत न्हाई ते. म्या ह्यांना काय इचारलं न्हाई. म्हणलं पार्ट मागवायला लागंल, राहू द्या दुकानात. हे म्हणले, व्हय. आन् जेवायला बसले. मी त्यांच्या उजव्या कानाकडं बघत भाकरी वाढत व्हते.

त्यानंतरचे दिवस कसे काढले माझं मला माहीत. सकाळी हे बसला जायचे तर मी चौकापतुर काहीतरी निमित्त काढून जायची, कोथिंबीर आणायला म्हणून, आन् बसमधी कोण कोण बाया चढतात ते बघायची. एक उंच व्हती, केस मोकळे सोडणारी, मी ठरवूनच टाकलं की हीच. तिच्या ओढणीचे रंग माझे पाठ झाले. एकदा तिनं माझ्याकडं बघून हसून मान हालवली, तर मला वाटलं बघा किती निर्लज्ज. ती बिचारी जाता-येता मला दुकानात बसलेली बघून वळखत आसंल.

आन् मंग गुरुवार आला. गुरुवारी ह्यांच्या कंपनीला सुट्टी. हे त्यांच्या एका मित्रानं रावेतला फ्लॅट बुक केलाय तो बघायला गेले व्हते. मी दुकान उघडून बसले, तर एक बाई आली. माझ्याच वयाची, जरा जाडच, डोक्याला तेल चापून लावलेलं, हातात कापडी पिशवी. म्हणली, सुमनवहिनी तुमीच का, मी शोभा, दत्तादादाच्या कंपनीत त्यांच्याच लाईनीवर हाय मी, एकाच बसनं जातोत आमी, मी फुडच्या चौकातनं चढते. दादा म्हणले आमच्या घरी दाखव, ती करून देती. आन् पिशवीतनं काळी डबी काढून काउंटरवर ठेवली.

मी म्हणलं काय झालं. म्हणली, काय म्हाईत माय, एक वाजायलं की दुसरं गप बसायलं.

मी तिच्या तोंडाकडं बघतच राह्यले. करायलाव, जायलाव, बसायलं. तीच ती शेवटच्या खोलीतली बोली. ह्यांच्या गावाच्या शेजारचं तिचं गाव, मधी नुसता ओढा. म्या रबर काढलं, तर उजव्याच्या खाली लाल ठिपका, म्या माझ्या हातानं दिलेला.

खरं सांगू, ती देखणी असती तर मला बरं वाटलं असतं. देखण्या बाईवर जळायला सोपं आसतं, माणूस म्हणतं पुरुषाची जात, चुकली नजर. पण ही तर माझ्यासारखीच, जरा डावीच. मंग हिच्यात काय हाय जे माझ्यात न्हाई? म्या इचारलं, एकदम साधं तोंड करून, कसं काय झालं वो हे. तिनं काय लपवलं न्हाई. लपवण्यासारखं तिला काय वाटतच न्हवतं. म्हणली, मी माझं ऐकत बसले व्हते, तर दादा म्हणले ह्ये ऐक, गावाकडच्या आबानं ग्रुपवर काय पाठवलंय. मंग म्या माझं एक काढून हातात धरलं आन् दादाचं एक कानात घातलं, आन् हसून हसून बेजार झालोत वहिनी, तेवढ्यात कंपनीचं गेट आलं. गेटवर त्यो सिक्युरिटीवाला ट्रे घेऊन बसमधीच चढतो, मोबाईल बिबाईल समदं काढून द्या म्हणतो, त्या घाईत इकडचं तिकडं झालं आसंल. आन् फुडं आपणहून सांगायला लागली, दादा काय माणूस हाय वहिनी, मागची सीट समदी दादासाठीच भांडती. रोज एक गोष्ट. कोणाचा आवाज काढतील, कोणाची चाल सांगतील. आमची तर शिफ्टच जात न्हाई दादा सुट्टीवर असले की. तुमची तर घरी रोजच मज्जा आसंल.

मी म्हणलं, व्हय, रोजच.

त्या क्षणाला मला काय झालं ते तुमाला सांगते. ह्यांचं बाहेर लफडं आसतं तर मी काय करायचं ते मला माहीत व्हतं. भांडले असते, भावकी गोळा केली असती. पण हे तर तसलं कायच न्हवतं. ती ह्यांना दादा म्हणत व्हती आन् मनापासून म्हणत व्हती. तिनं माझा नवरा न्हेला न्हवता, तिला नुसतं ते मिळत व्हतं ज्याच्यासाठी मी नवरा केला. आन् ते आटलंय अशी मी माझी समजूत घालून बसले व्हते. ते आटलं न्हवतं, ते रोज सकाळी चौकातनं बसमधी चढून चाकणला जात व्हतं.

मंग म्या तिला म्हणलं, ह्याचा बोर्ड गेलाय, काय उपयोग न्हाई, टाकून द्या. सरळ म्हणलं.

तर तिनं काय म्हणावं? जाऊ द्या माय, काय अडत न्हाई, तसं बी दादाच्या जोडीतलं एक त्यांनी आन् एक म्या, असं घालूनच ऐकतोत आमी.

मी म्हणलं, थांबा. होतंय. बसा जरा.

आता ह्यात दोन रस्ते व्हते. एक म्हंजी दोन्ही जोड्या तशाच मिसळलेल्या ठेवायच्या आन् रीसेट मारायचा. बटन दाबून धरायचं, लाल-पांढरा लाईट होतो, मंग त्यांची जुनी वळख पुसते आन् नवी होते, सारख्याच मॉडेलचे आसले की कुणाचा बी कुणाशी जुळतो. तसं केलं आसतं तर तिच्या जोडीत ह्यांचा उजवा राह्यला असता, ह्यांच्यात तिचा, आन् कुणाला कवाच कळलं नसतं. काम बी दोन मिनिटांचं. पण मी माझ्या हातानं ह्यांचा कान तिच्या डबीत बसवू का? म्या खणातनं ह्यांची डबी काढली, तिच्याम्होरंच दोन्ही रबरं काढली, लाल लालजवळ आणला, तिचा तिच्याजवळ, आन् दोन्ही डब्या बंद करून उघडल्या. लगेच लाईट स्थिर झाले. त्यांना कायच झालं न्हवतं, बिचारे आपापल्या जोडीदाराला हाका मारत व्हते. शोभा म्हणली, अगं माय, अदलाबदल झाली व्हती व्हय. म्या तिच्या बड्सला बी ठिपका दिला, काळा.

मंग तिनं तिचा मोबाईल जोडला आन् म्हणली, वहिनी तुमीच ऐकून बघा की दोन्हीकडनं येतंय का. ह्ये घ्या, दादानं परवा बसच्या ग्रुपवर टाकलंय, बस चुकली व्हती ना माझी, म्हणून माझ्यासाठी बसमधीच परत सांगून पाठवलं.

म्या दोन्ही कानात घातले. आन् तो आवाज आला, मोरीतल्या पत्र्याच्या पल्याडचा. एवढी वर्सं झाली, तसाच. आता मधी पत्रा बी न्हवता, दोन्ही कानांच्या आत.

सांगत काय व्हते, तर माझंच. आमची शेजारीण हाय, तिच्या कुंडीतला कढीपत्ता असा फोफावलाय, आन् माझा काडीसारखा उभा. ते मला बघवायचं न्हाई. तर मी रोज सकाळी माझ्या कढीपत्त्याला पाणी घालताना त्याला बोलायची. तवा हे दात घासत उभे आसायचे, टॉवेल खांद्यावर, माझ्याकडं बघत बी न्हवते, आसं मला वाटायचं. तर ह्यांनी समदं टिपलेलं. माझा आवाज काढून सांगत व्हते, आमची बायको कमरंवर हात ठेवून झाडाला म्हणायली, तिच्याकडं बघ, तिचा कसा वाढायलाय, तुला काय कमी केलं मी, खत घातलं, ताकाचं पाणी घातलं, लाज वाटती का जरा. आन् झाड भ्यालं ना राव, खाली मान घालून उभं. म्या म्हणलं बाबा रे, फूट आता, न्हाईतर उद्या मलाबी झाडासंगं उभं करती ही. आन् चौथ्या दिवशी फुटली की पानं. भीतीनं फुटली. तवापासून शेजारणीचा कढीपत्ता माझ्या बायकोकडं तोंड करत न्हाई. मागनं समदी बस हसत व्हती, कुणीतरी खोकत व्हतं हसून. मंग हसू जरा कमी झालं आन् हे हळूच म्हणले, पण काय बी म्हणा, आसं माणूस आपल्या अख्ख्या तालुक्यात न्हाई. मी तर रोज मुद्दाम दात घासत उभा ऱ्हायलाव, तिचं ऐकायला.

म्या बड्स काढले. शोभा म्हणली, येतंय का दोन्हीकडनं. म्हणलं, येतंय. पैसे घेतले न्हाईत तिच्याकडनं, घ्यायचं सुचलंच न्हाई, नंतर त्याचं बी वाईट वाटलं.

काय सांगू तुमाला, मी आजपतुर कुणाकुणावर जळले, बहिणीवर, भावावर, भावाच्या गाडीवर, त्या केस मोकळे सोडणाऱ्या पोरीवर. पण त्या दिवशी मी ज्या बाईवर जळले तशी कुणावर जळले न्हाई. त्या गोष्टीतली बाई. जिच्याबद्दल हे असं बोलतात. ती मीच, मला कळतंय की मीच, पण तिला जे मिळत व्हतं ते मला कुटं मिळत व्हतं? तिला बसमधी घेऊन फिरत व्हते हे, आन् मी हितं घरात व्हय-न्हाई ऐकत बसलेली.

हे संध्याकाळी आले. म्या डबी दिली, म्हणलं जुळले. हे म्हणले, झालं का, काय व्हतं. म्हणलं, अदलाबदल. शोभा येऊन गेली. हे म्हणले, व्हय, म्याच धाडली. एवढं सरळ, की मला राग काढायला जागाच ठेवली न्हाई. मंग मी म्हणलं, ती कढीपत्त्याची गोष्ट सांगा की मला. हे आसे दचकले, कान लाल झाले. मी म्हणलं सांगा ना, रागावले न्हाई मी. मंग सांगितली. पण कशी, जशी ग्रामसभेत माहिती देतात. म्हणले, तू झाडाला बोलत व्हती, मंग झाडाला पानं आली. मी म्हणलं, तशी न्हाई, तुमच्या बोलीत सांगा. ह्यांनी डबी उघडली, परत मिटली. मंग म्हणले, तुझ्याम्होरं येत न्हाई गं. ह्या घरात येत न्हाई. हितं तोंड उघडलं की मला आधी ती पंगत दिसती.

मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी संतोष आला व्हता, नेहमीसारखा म्हणला, काय दाजी, जेवायलाव का, तर मी त्याला म्हणलं, परत म्हणशील तर ह्या उंबऱ्याच्या आत येऊ नको. तो बघतच राह्यला, म्हणला अगं ताई गंमत करतोय. मी म्हणलं तुझी गंमत माझ्या घराला लई महाग पडली. तवापासून म्हणत न्हाई. पण ह्यांचं तोंड काय त्यानं उघडलं न्हाई.

मंग एक दिवस काय झालं, मी भाकऱ्या थापत व्हते, पाठ दाराकडं. हे बाहेर ओट्यावर बसले व्हते कढीपत्त्याजवळ, ह्यांना वाटलं मी शेजारी गेलीय. आन् गावाकडच्या आबाला व्हॉट्सअपवर बोलून पाठवत व्हते. सुरू झाले की. काय आबा, म्हशीला फोन दिला व्हय, ती बोलायली का तुमी. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. जळाली, पण हाललेच न्हाई. वळून बघितलं असतं तर गप झाले असते. म्हणून पाठ करूनच बसले, हासू आलं ते पदरात दाबलं.

आता तसंच चालतं रोज. संध्याकाळी हे ओट्यावर बसतात, मी चुलीकडं तोंड करून बसते, नळ बारीक सोडते, भांड्यांचा आवाज करत न्हाई. हे बोलतात, मी ऐकते. पोरगी म्हणते आई तू अशी भिंतीकडं बघून काय हसतीस. ह्यांना माहीत हाय का मी ऐकते ते, मी इचारलं न्हाई. पण अलीकडं आवाज जरा मोठा झालाय ह्यांचा, आन् आबाचा फोन बंद आसला तरी बोलतात. म्हातारपणात कवातरी माझ्या तोंडाकडं बघून बोलतील, न्हाई बोलले तर पाठ हाय माझी, तिला बी ऐकू येतं.

बसमधी मागची सीट अजून भरतेच. शोभा अधनंमधनं दुकानात येते, मला गावाकडची ज्वारी देऊन गेली, बाई चांगली हाय, मी वाईट कशाला बोलू. देव तिचं भलं करो, तिच्या पोरीला चांगलं स्थळ मिळो, आन् तिच्या त्या बड्सची बॅटरी कवा उतरू नये. मी दर गुरुवारी बोलवून फुकट चेक करून देते. तिचे बंद पडले की ती ह्यांचा एक मागंल.